हाताने करून पाहिले

रविवार, १ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. आईकडे निरोप द्यावा, तर तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं भलतंच काहीतरी होतं. मागच्या आठवड्यात मी "सर्दी झाली होती, आता बरी आहे" एवढंच म्हटलं, तर संध्याकाळी बाबांचा फोन, "दवाखान्यातून कधी सोडणार?" म्हणून पत्र. फोडायचं की नाही ते तू ठरव. आई म्हणते, तू फोडशील.

खोली बरी आहे. घरमालकीणबाई खाली राहतात. जिन्यात पाऊल वाजलं की आतून विचारतात, "कोण?" मी म्हणते, "मीच." त्या म्हणतात, "बरं." दोन महिन्यांत आमचं याच्यापुढे बोलणं गेलेलं नाही, पण दोघींनाही त्याची सवय झालीय.

ऑफिसात पाच टेबलं, एक खिडकी आणि भिंतभर कप्पे. यंत्रं कशी वापरायची त्याच्या पुस्तिका आम्ही लिहितो. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, सगळ्यांच्या पुस्तिका कप्प्यांत उभ्या आहेत. मालकीण आहेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांचा एक नियम आहे. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, "हाताने करून पाहिले", आणि पुढे सहीची जागा. ज्याने पान लिहिलं त्यानेच ती गोष्ट तीनदा करून बघायची, मग सही. दुसऱ्याने केलेलं चालत नाही. ऐकीव तर मुळीच नाही.

मला लॅपटॉपची पुस्तिका दिलीय. त्यातलं पान चौदा टचपॅडचं. कळांच्या खाली एक गुळगुळीत चौकोन असतो, पोस्टकार्डापेक्षा थोडा लहान. त्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो. एक बोट हलकेच टेकवून उचललं की वस्तू उघडते किंवा निवडली जाते. याला टॅप म्हणतात. दोन बोटं टेकवली की यादी उघडते. तीन टेकवली की आधी निवडलेला मजकूर बाण असेल तिथे चिकटतो. एवढं सोपं आहे, आणि माझ्या हातून होत नाही.

दहा मार्चला माझे तीन महिने पुरे होतात. तोवर पक्कं करतील किंवा घरी पाठवतील. तुला वाटेल, बरं होईल पाठवलं तर. निघायच्या आदल्या दिवशी आपल्यात जे झालं त्याबद्दल मी आज लिहीत नाही.

गुंडी

रविवार, ८ फेब्रुवारी

ताई,

टॅप अजून होत नाही. आठवडाभरात काय काय केलं ते लिहिते. तुला त्यातलं काही कळायची गरज नाही, पण मी हात बांधून बसले होते असं तुला वाटू नये.

आधी सेटिंग उघडलं. तिथे "माउस आणि टचपॅड" असं पान आहे, त्यात "टॅप करून क्लिक" नावाचं एक बटण. ते बंद असलं की टॅप होत नाही, चौकोन खाली दाबावा लागतो. माझं चालू होतं. तरी बंद केलं, पुन्हा चालू केलं. नाही. लॅपटॉप बंद करून उघडला. नाही. बाहेरचा माउस काढला. चार्जर काढला, कारण चार्जरमुळे कधीकधी टचपॅड बावचळतो असं वाचलं. "टाइप करताना टचपॅड बंद ठेवा" हा पर्याय काढून पाहिला. ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती घातली, त्यात अर्धा दिवस गेला. दुसऱ्या नावाचं खातं उघडलं, म्हटलं माझ्या खात्याचंच काही वाकडं असेल. चौकोन कोरड्या कापडाने पुसला. शेवटी साबणाने हात धुऊन आले, आणि वाळवून.

बोट टेकवते तर एकदा काहीच होत नाही, एकदा यादीच उघडते. शंभरातून पाच-सात वेळा टॅप लागतो, तोही मला नको असताना.

शुद्धलेखन तपासणारे काका माझ्या शेजारी बसतात. ते म्हणाले, "अगं पोरी, कर सही आणि मोकळी हो. सगळ्या जगाचा टॅप लागतो."

"पण काका, 'करून पाहिले' असं लिहिलंय तिथे."

"पाहिलंस की! होत नाही, हे पाहिलंस."

सगळे हसले. मीही हसले, पण सही केली नाही. आपल्याकडे मापाच्या वहीवर तू कधी अंदाजाने आकडा घातला नाहीस. "गिऱ्हाईक परत येईल, पण कापलेलं कापड परत येत नाही," हे तुझंच वाक्य. ते मी इथे काकांना सांगितलं, फक्त कोणाचं ते सांगितलं नाही.

गुंडी

गुरुवार, १२ फेब्रुवारी

ताई,

आज हसून हसून पुरे झालं, आणि आता रडू येतंय.

लॅपटॉप दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. पेटी घेऊन येतात म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. सकाळी आले, माझ्या खुर्चीत बसले आणि बोट टेकवलं. उघडलं. पुन्हा टेकवलं. उघडलं. दहापैकी दहा.

"पेशंट ठणठणीत आहे," म्हणाले.

मी बसले. टेकवलं. यादी उघडली.

"बाजूला उभा राहून बघतो, करा," म्हणाले. माझ्या डावीकडे येऊन वाकले. मी जरा सरकून त्यांना जागा दिली आणि टेकवलं. उघडलं! दहापैकी दहा. ते पेटी घेऊन दारापर्यंत गेले, मी नीट सावरून बसले, पुन्हा टेकवलं. काही नाही.

"डॉक्टर!" मी ओरडले. ते परत आले, डावीकडे उभे राहिले. टॅप लागला. दाराशी गेले. लागेना. असं चार वेळा झालं. काका म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही इथेच पथारी टाका. पुस्तिकेत लिहू, टॅप लागत नसल्यास डाव्या बाजूला एक डॉक्टर उभा करावा."

डॉक्टर जाताना हळूच म्हणाले, "बाई, मशीनला काही झालेलं नाही. तुम्ही फार घाबरता."

घाबरते हे खरं आहे. पहिल्या दिवसापासून घाबरते. ऑफिसात सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी शिकलेलं आहे. कोणी चुकलं तर म्हणतात, आज याचं लक्ष नव्हतं. मी चुकले तर मलाच वाटतं, आता कळलं यांना. दहावीच्या पुढे आपल्या घरात मी पहिली. मला चुकून कसं चालेल? पण ताई, भिणाऱ्या बोटाचा टॅप यंत्राला वेगळा लागतो का? चौकोनाला काय कळतं, मी कोणाची कोण ते?

गुंडी

गुरुवार, १९ फेब्रुवारी

ताई,

आई म्हणाली, तू पत्रं वाचतेस आणि मशीनच्या खणात ठेवतेस, बॉबिनच्या डबीखाली. डबीखाली म्हणजे हरवायची नाहीत. मला तेवढं पुरे आहे. खरं तर पुरे नाही, पण असू दे.

पान चौदाचा कच्चा मसुदा मोठ्या बाईंकडे गेला. मी नीट वाचून दिला होता. त्यांनी मला बोलावलं आणि मोठ्याने वाचून दाखवला. "यादीतून हवा तो पर्याय निवडा. मागे जा. चुकल्यास मागे जा मागे जा मागे जा मागे जा." चष्मा काढला. "हे पान वाचून माणूस घराबाहेर पडेल हो."

झालं काय, ते मला जागेवर आल्यावर कळलं. "मागे जा" हे शब्द मी निवडून ठेवले होते. मग यादी उघडायला दोन बोटं टेकवत गेले. दोन बोटांना यंत्र तीन समजलं आणि दर वेळी तेच शब्द चिकटवत गेलं. एक टेकवलं की दोन मोजतं, दोन टेकवली की तीन. एकाने वाढवूनच मोजतं. घरात कोणी पाहुणा बसलाय आणि तोही आपलं पान मांडून घेतोय, अशी गत.

आता त्या दिवसाचं लिहिते. किती दिवस टाळणार?

मुलाखतीत मोठ्या बाईंनी विचारलं होतं, "दुसरं काही काम येतं का?" मी म्हणाले, "नाही." का म्हणाले ते तेव्हा मलाही कळलं नाही. त्यांच्या टेबलावर जाडजूड शब्दकोश होता, भिंतीवर प्रमाणपत्रं होती. वाटलं, शिवणकाम म्हटलं की या माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. घरी आल्यावर ते तुला सांगितलं नसतं तर तुला कधी कळलंही नसतं. पण मला राहवेना, निघायच्या आदल्या दिवशी सांगून टाकलं. तू शिलाई थांबवलीस आणि म्हणालीस, "बारा वर्षं शिकवलं. ते काहीच नाही का?" मग मशीन सुरू केलंस. ते मशीन माझ्या कानात अजून चालू आहे.

मी पहिलीत असताना माझ्या पुस्तकावरून तू अक्षरं शिकलीस. मी ओळीवर बोट ठेवायचे आणि तू शिवता शिवता वाचायचीस. त्याच मशीनवर तू मला शिवायला शिकवलंस. डावा हात कापडावरून हलला की गजाची पट्टी बसायची. "उजवा काय, काहीही करेल. कापड डाव्याने सांभाळायचं." अजूनही मी तशीच बसते, तू बसवायचीस तशी, पाठ ताठ, दोन्ही कोपरं अंगाशी. काका म्हणतात, पोरगी फोटो काढायला बसल्यासारखी बसते.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण ते लिहून झाल्यावर तुला काही बोलायला जागाच राहणार नाही. म्हणून एवढंच लिहिते, मी खोटं बोलले.

गुंडी

गुरुवार, २६ फेब्रुवारी

ताई,

मोठ्या बाईंनी आज स्पष्टच सांगितलं. "पुस्तिका दहा तारखेला छापायला जाईल. सहीशिवाय पान जात नाही, आणि दुसऱ्याच्या सहीने तर नाहीच नाही. पान चौदा तुमच्याने होत नसेल तर मला तुमच्या जागी कोणी बघावं लागेल. राग नाही हो, नियम आहे."

राग नव्हताच. चहा दिला त्यांनी. चहा देऊन सांगितलं की जास्त भीती वाटते.

काका म्हणतात, डॉक्टरांना बोलावून डावीकडे उभं कर, तीनदा टॅप कर आणि सही ठोक. मी तेही तोलून बघितलं. पण पुस्तिका विकत घेणाऱ्याकडे डॉक्टर कुठून येणार?

आणि ताई, आणखी एक आहे. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. इथल्या कप्प्यात शिलाई मशीनची एक जुनी पुस्तिका आहे. पहिल्याच दिवशी मी ती काढली, म्हटलं आपलं माणूस भेटेल. पान सहावर लिहिलंय, "कापड दाबणारा पाय खाली ठेवून वरचा दोरा ओवावा." खाली! तू मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती, पाय वर उचलून मगच दोरा, नाहीतर दोरा ताण देणाऱ्या चकत्यांत बसत नाही आणि कापडाखाली जाळं होतं. त्याखाली छापलंय, "हाताने करून पाहिले", आणि सही खुद्द मोठ्या बाईंची.

अडीच महिने मी गप्प आहे. बोलले तर विचारतील, तुम्हाला कसं माहीत? रोज त्या कप्प्यासमोरून जाते आणि मान दुसरीकडे करते. पान चौदावर सही करायला नाही म्हणते म्हणून सगळे मला फार खरी समजतात. पान सहा कोणाला दिसत नाही.

काय करू? तू बोलत नाहीस हे माहीत आहे. तरी विचारते, कारण दुसऱ्या कोणाला विचारायला मला येत नाही.

गुंडी

बुधवार, ४ मार्च

ताई!

तुझं पत्र आलं. घरमालकीणबाईंनी जिन्यात "कोण?" विचारलं आणि मी "मीच" म्हटल्यावर "बरं" न म्हणता बाहेरच आल्या, हातात पाकीट. मी पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि पायरीवरच बसले. तुझ्या हातचं पहिलं पत्र. तुझं पत्र मी इथे उतरवून काढते, म्हणजे उद्या तू "मी असं म्हणालेच नव्हते" म्हणायला नकोस.

"गुंडे,

पाचही पत्रं वाचली. त्या मशीनला धाड भरलेली नाही. तू डावा हात कुठे ठेवतेस? त्या चौकोनावरच ठेवत असशील, कापड धरल्यासारखा. एक बोट जास्त मोजतंय म्हणतेस, मग ते बोट तुझंच असणार, दुसऱ्या कोणाचं? तो डॉक्टर डावीकडे आला की तू सरकतेस, तेव्हा हात उचलला जातो. म्हणून चालतं. पट्ट्या मारून मीच तो हात तिथे बसवला. आता मीच सांगते, उचल.

मुलाखतीत काही येत नाही म्हणालीस, ते तोंड म्हणालं. हाताला विचारायचं होतं.

पायाची चूक सांगून टाक. किती बायांची शिलाई बिघडली असेल. आणि आपलंच मशीन वाईट म्हणत बसल्या असतील.

बाबा तुझी पत्रं मला मोठ्याने वाचायला लावतात, त्यात शिलाई मागे पडते. आखूड लिहीत जा.

ताई"

मी आखूड लिहिणार नाही.

सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी गेले. खुर्चीत बसले, नेहमीसारखी, आणि खाली बघितलं. अगं, होता! डाव्या हाताचा अंगठा चौकोनाच्या कडेवर, कापडाची किनार दाबून धरावी तसा. आणि मला त्याचा पत्ताच नाही. महिनाभर मी सेटिंगमध्ये शोधत होते आणि चोर माझ्याच अंगठ्यात. डावा हात उचलून मांडीवर ठेवला. बोट टेकवलं. उघडलं. शंभर वेळा केलं. शंभर वेळा उघडलं. मग दोन बोटं, मग तीन. शहाण्यासारखं सगळं झालं.

काका आले. मी त्यांना दाखवलं. त्यांनी माझा अंगठा पाहिला, लॅपटॉप पाहिला, तुझं पत्र वाचलं आणि विचारलं, "या बाई कुठल्या कंपनीत असतात?"

"दुकान आहे त्यांचं," मी म्हणाले. मग म्हणाले, "माझी थोरली बहीण. कपडे शिवते. मीही शिवते."

इतकं सोपं होतं ग ते.

काकांना मात्र तेवढंच सांगून झालं. मोठ्या बाईंना सांगायचं अजून बाकी आहे. डावा हात मांडीवर ठेवून बसले की अजून वाटतं, आता कापड घसरणार.

तुझी गुंडी

मंगळवार, १० मार्च

ताई,

आज पक्कं करायचा फॉर्म मिळाला. त्यात एक रकाना आहे, "इतर येणारी कामं". मी लिहिलं, "शिवणकाम. बारा वर्षं, थोरल्या बहिणीच्या हाताखाली." आणि शिलाई मशीनची पुस्तिका घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. जाताना दारातल्या पायपुसण्याला अडखळले.

त्यांनी रकाना वाचला. "मुलाखतीत तर नाही म्हणाला होतात."

"खोटं बोलले होते."

"का?"

"तुम्ही कमी समजाल म्हणून."

मग मी पान सहा उघडून पुढे ठेवलं आणि पायाचं सांगितलं. तीन महिने माहीत असून गप्प होते, हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आता सवय लागली.

मोठ्या बाईंनी पुस्तिका जवळ ओढून स्वतःची सही बघितली. मला वाटलं, झालं, गाठोडं बांधा.

"मी हे तीनदा केलं होतं," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या कागदात असंच लिहिलं होतं. तिन्ही वेळा खाली जाळं झालं."

"मग सही?"

"मला वाटलं, माझाच हात वाईट. आमच्या आईही हेच म्हणायच्या, तुझ्या हाताला शिवण नाही. आता यंत्राने काय वेगळं सांगितलं?" आणि अशा हसायला लागल्या की काका आत डोकावून गेले. "नियम माझा, आणि पहिली मोडणारी मी. तुम्ही पान चौदासाठी नोकरी घालवायला निघाला होतात आणि मी बघा."

मग फॉर्मवर सही केली. त्याआधी मात्र तीन वेळा विचारलं, "आणखी काही लपवलंय?" मी नीट आठवून सांगितलं की एकदा काकांच्या दौतीतली शाई न विचारता घेतली होती. तेही त्यांनी ऐकून घेतलं.

पान सहा मी पुन्हा लिहिणार. पान चौदा आज छापायला गेलं. "टॅप लागत नसेल तर" या मथळ्याखाली सेटिंगचं सगळं आहे, पण पहिली ओळ अशी: "आधी दुसरा हात कुठे आहे ते पाहा. तो टचपॅडला टेकला असल्यास उचला." त्याखाली "हाताने करून पाहिले", आणि माझी सही. मोठ्या बाईंनी पेन्सिलीने आणखी एक ओळ घातली, "सुचवले", आणि विचारलं, "तुमच्या बहिणीचं नाव काय लिहू?"

माझ्या तोंडून आधी निघालं ते "ताई". त्यांनी तेच लिहिलं. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या. वाचणाऱ्यालाही वाटेल कोणी घरचं सांगतंय." तेव्हा छापील पुस्तिकेत तू आलीस. बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते. मोठ्या बाईंचा एक झगा सोबत आहे, काखेत उसवलाय. मी शिवते म्हटलं तर म्हणाल्या, तुमच्या ताईंनाच दाखवा. तेव्हा फोन उचल किंवा उचलू नकोस, मी दारात असेन.

हे लिहितानाही डावा हात कागदावर आहे, किनार दाबून. आत्ताच लक्ष गेलं. राहू दिला. कागदाची काही तक्रार नाही.

तुझी गुंडी